गप्पी माशांची जोडी आणि तिचा वाढता संसार

पुष्कळ शाळांतून खिडकीच्या कट्ट्यावर काचेची एक बरणी किंवा चौकोनी पेटी ठेवलेली असते. तळाला थोडी वाळू, पाणवनस्पतीच्या दोन काड्या आणि पाण्यात गप्पी माशांची एक जोडी. मुलांना तिचे मोठे कौतुक. महिना जातो न जातो तोच एके दिवशी जिऱ्याच्या दाण्याएवढी पिले पाण्यात सळसळताना दिसतात. वर्गात आनंदीआनंद होतो. पुढच्या महिन्यात पुन्हा पिले, त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा. मग बरणी अपुरी पडू लागते, पाणी गढुळते आणि गुरुजींपुढे प्रश्न उभा राहतो : एवढ्या माशांचे करायचे काय?

गावात तीन उत्तरे हमखास मिळतात. एक म्हणतो, "ओढ्यात सोडून द्या, जगतील बिचारे." दुसरा म्हणतो, "काही करू नका, आपोआप कमी होतील." तिसरा म्हणतो, "पडक्या विहिरीत सोडा, डास तरी मरतील." या तिन्हींपैकी एक उत्तर साफ चुकीचे आहे, एक अर्धे बरोबर आहे आणि एक बरोबर असले तरी त्याला अटी आहेत. कोणते कोणत्या प्रकारचे, हे ठरवायचे तर या चिमुकल्या जीवाचा इतिहास पाहायला हवा. तो इतिहास दीडशे वर्षांहून अधिक काळाचा आहे आणि त्यात आपल्या महाराष्ट्राचाही वाटा आहे.

प्रथम नावापासून सुरुवात करू. आपल्याकडे 'गप्पी' म्हटले की गप्पा मारणारा मासा असावा असे मुलांना वाटते. पण हे एका माणसाचे आडनाव आहे. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्याला लागून ट्रिनिदाद नावाचे बेट आहे. क्रिकेटमुळे ते आपल्या ओळखीचे झाले आहे. तेथे रॉबर्ट जॉन लेचमेअर गप्पी नावाचे गृहस्थ राहत असत. त्यांचा जन्म १८३६ चा, मृत्यू १९१६ चा. शाळांवर देखरेख ठेवणारे ते सरकारी अधिकारी होते आणि फावल्या वेळात शंखशिंपले व जीवाश्म गोळा करीत. त्यांनी ट्रिनिदादच्या ओढ्यांतले काही लहान मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे पाठवले. तेथील तज्ज्ञ गुंथर यांनी १८६६ साली त्या माशाला गप्पींचे नाव दिले. शिक्षक बंधु-भगिनींनी हे जरूर लक्षात ठेवावे, की जगातल्या एका अतिशय प्रसिद्ध माशाला शाळाखात्यातल्या माणसाचे नाव आहे!

गंमत अशी, की हा मासा शास्त्राला त्याआधीच ठाऊक झाला होता. बर्लिनच्या पीटर्स या प्राणिशास्त्रज्ञांनी १८५९ साली व्हेनेझुएलातील नमुन्यांवरून त्याचे वर्णन केले होते. शास्त्राचा नियम असा, की पहिले नाव ते खरे नाव. म्हणून ग्रंथांत आज त्याला पीटर्स यांनी दिलेल्या नावावरून 'पोएसिलिया रेटिक्युलाटा' असे म्हणतात. व्यवहारात मात्र गप्पी हेच नाव टिकले. त्याला आणखी एक जुने नाव आहे. वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटावरचे लोक त्याला 'मिलियन्स', म्हणजे 'दशलक्ष', म्हणत. त्याची वीण पाहूनच हे नाव पडले असणार, हे उघड आहे.

आता हा मासा आपल्या देशी कसा आला ते पाहू. रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला. त्या दिवसापासून हिवतापाशी झगडणे म्हणजे डासांशी झगडणे, असे समीकरण झाले. डासाची अळी साचलेल्या पाण्यात वाढते; मग ती खाणारा मासा त्या पाण्यात का सोडू नये, असा विचार पुढे आला. त्या सुमारास बार्बाडोसमध्ये हिवताप नव्हता. तेथे 'मिलियन्स' मासे मुबलक आहेत, म्हणून हिवताप नाही, असा अनेकांनी तर्क बांधला आणि ही वार्ता देशोदेशी गेली. विसाव्या शतकाच्या आरंभी, १९१० च्या आगेमागे, गप्पी हिंदुस्थानात आणण्यात आला. पुढे १९२७ साली बार्बाडोसमध्ये हिवतापाची साथ आली, तेव्हा त्या तर्कातला कच्चेपणा उघडा पडला. तेथे तोवर हिवताप नव्हता, कारण हिवताप पसरवणारा डासच त्या बेटावर पोचलेला नव्हता. माशाच्या पदरी न केलेले श्रेय पडले होते. पण तोवर मासा जगभर पोचला होता.

आपल्या मुंबईची कथाही याच काळातली. डॉ. बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापाची चौकशी करून १९११ साली अहवाल दिला. शहरातल्या घरोघरच्या विहिरी हे डासांचे माहेरघर आहे, असे त्यांनी दाखवून दिले. विहिरी बुजवा, झाका, असा आग्रह सुरू झाला, तेव्हा लोकांच्या धर्मभावना दुखावल्या. विहीर ही पूजेची जागा. तिचे पाणी मोकळ्या आभाळाखालचे असावे, असे मानणारे कितीतरी हिंदू आणि पारशी कुटुंबांत होते. अशा ठिकाणी विहीर न बुजवता तीत मासे सोडावेत, हा तोडगा लोकांना पटावा यात नवल नाही.

पुढे देश स्वतंत्र झाला. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम आणि १९५८ साली निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. घरोघरी डी.डी.टी.ची फवारणी झाली. १९६५ साली देशातल्या रुग्णांची नोंद सुमारे १ लाखापर्यंत खाली आली आणि आता हिवताप गेलाच, असे वाटू लागले. पण डास डी.डी.टी.ला निर्ढावले, कामात ढिलाई आली, आणि १९७६ साली ही नोंद ६४ लाखांवर गेली. तेव्हा जुन्या, साध्या उपायांची पुन्हा आठवण झाली. १९८३ पासून गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यातील नडियाद भागात खड्डे बुजवणे, पाणी वाहते करणे आणि गप्पी मासे पाळणे या उपायांचा मोठा प्रयोग झाला. आपल्याकडेही हिवताप विभागाने गप्पी माशांची पैदास हाती घेतली आणि आरोग्य कर्मचारी पिशवीतून मासे घेऊन गावोगाव जाऊ लागले. म्हणून तर आज खेड्यातल्या मुलाला दुसऱ्या कुठल्या परदेशी माशाचे नाव येत नसले, तरी गप्पीचे येते.

या साऱ्या प्रवासात माशाचा एकच गुण माणसाच्या डोळ्यांत भरला होता : तो भराभर वाढतो. चार सोडा, चारशे होतात. आपल्या बरणीतली अडचण आणि हिवताप खात्याची सोय, दोन्हींचे मूळ याच गुणात आहे. तेव्हा तो गुण नीट समजून घेऊ.

गप्पीची मादी अंडी घालत नाही. अंडी पोटातच उबवून ती जिवंत पिलांना जन्म देते. कोमट पाण्यात सुमारे चार आठवड्यांनी एक वेत होते. लहान मादीला पाच-दहा पिले होतात, मोठ्या आणि चांगल्या पोसलेल्या मादीला पन्नास किंवा त्याहून जास्त. आपण सरासरी ३० धरू आणि फळ्यावर हिशेब मांडू. पाच महिन्यांत आईची पाच वेते, म्हणजे १५० पिले. पहिल्या वेतातल्या ३० पैकी १५ माद्या धरल्या, तर त्या तीन महिन्यांत वयात येतात आणि पाचव्या महिन्याच्या अखेरीस प्रत्येकीला ३० पिले होतात. ती झाली ४५०. मूळची जोडी मिळवली, की एकूण ६०२. सगळी जगली तर, बरे का! पाच महिन्यांत दोनाचे सहाशे दोन.

नर बाजूला काढला, की वीण थांबेल असे कोणालाही वाटेल. तसे होत नाही. मादी नराचे बीज शरीरात साठवून ठेवते आणि आठ-आठ महिने ते वापरते. ट्रिनिदादच्या ओढ्यांतल्या माशांचा मागोवा घेणाऱ्या संशोधकांना असे आढळले, की नर मेल्यावर दहा महिन्यांनीही त्याची संतती जन्माला येते. म्हणजे बाजारातून आणलेली एकटी मादी ही खरे पाहता जोडीच असते. संशोधकांनी एकेक मादी बाहेरच्या टाक्यांत सोडून पाहिली. दोन वर्षांनी दर शंभरातल्या ८६ टाक्यांत तिचा वंश नांदत होता. हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्याच अभ्यासाप्रमाणे, आपला मूळ मुलूख सोडून गप्पी निदान ६९ देशांत स्थायिक झालेला आहे.

हा मासा एवढी पिले का घालतो? याचे उत्तर ट्रिनिदादच्या डोंगरातल्या ओढ्यांनी दिले. या ओढ्यांवर धबधबे आहेत. धबधब्याखालच्या पाण्यात मोठे शिकारी मासे असतात. ते वयात आलेल्या गप्पींना खातात. धबधब्यावरच्या पाण्यात हे शिकारी चढू शकत नाहीत. तेथे शत्रू थोडा आणि सौम्य. खालच्या पाण्यातले गप्पी लवकर वयात येतात आणि पुष्कळ पण लहान पिले घालतात. वरच्या पाण्यातले उशिरा वयात येतात आणि थोडी पण मोठी पिले घालतात. जॉन एंडलर या शास्त्रज्ञांनी १९७६ साली खालच्या पाण्यातले गप्पी उचलून वरच्या एका ओढ्यात सोडले, जेथे तोवर गप्पी नव्हते. पुढची नोंद डेव्हिड रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठेवली. अकरा वर्षांत, म्हणजे माशांच्या ३० ते ६० पिढ्यांत, त्या माशांची चाल बदलली. ते उशिरा वयात येऊ लागले. पिले थोडी आणि मोठी होऊ लागली. १९९० साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा जगभर त्यांची चर्चा झाली.

यातून आपल्या बरणीपुरते काय घ्यायचे? मृत्यू दाराशी उभा आहे असे धरून जगण्याची या माशाची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. बरणीत शिकारी मासा नाही, खंड्या नाही, पूर नाही, दुष्काळ नाही. पण मासा आपला जुनाच हिशेब चालवतो. ज्या शत्रूने संख्या आटोक्यात ठेवायची तो आपणच दूर केला आहे, तेव्हा त्याचे काम आता आपल्या अंगावर आले आहे.

येथे ते दुसरे उत्तर आठवा : "काही करू नका, आपोआप कमी होतील." १९३२ साली अमेरिकेत ब्रेडर आणि कोट्स या दोघांनी हेच करून पाहिले. सारख्या दोन पेट्या घेतल्या. एकीत ५० गप्पी सोडले, दुसरीत पिले होऊ घातलेली एकच मादी. दोन्हींत पुरेसे खाद्य दिले. काही महिन्यांनी दोन्ही पेट्यांत सारखेच, म्हणजे नऊ-नऊ मासे उरले. सहा माद्या आणि तीन नर. पन्नासाचे नऊ झाले आणि एकाचेही नऊच झाले. कसे? दाटी झाली, की थोर मासे जन्मणारी पिले खाऊन टाकतात. गप्पी आपलीच पिले खातो, ही गोष्ट बरणी ठेवणाऱ्या मुलांनी पाहिलेली असतेच. तेव्हा "आपोआप कमी होतील" हे खरे. पण ते उपासमारीने, घाण पाण्याने आणि आईने पिले खाल्ल्याने. मुलांसमोर आपण हा धडा ठेवायचा का, याचा विचार शिक्षकांनी करावा. म्हणून हे उत्तर अर्धेच बरोबर.

मग किती मासे काढावेत? यावरही एक प्रयोग आहे. सिलिमन आणि गटसेल यांनी पेट्यांतल्या गप्पींतून दर तीन आठवड्यांनी ठरावीक वाटा काढत नेला. त्यांचा वृत्तांत १९५८ साली छापला गेला. समुद्रातली मासेमारी किती करावी, याचा अंदाज त्यांना या चिमुकल्या माशांवरून बांधायचा होता. दर खेपेला शेकडा १० काढले, तेव्हा पेटी दाटलेलीच राहिली. शेकडा ७५ काढले, तेव्हा वंशच संपला. सर्वांत जास्त उत्पन्न शेकडा २५ ते ५० च्या दरम्यान मिळाले. म्हणजे ढोबळ मानाने, तीन आठवड्यांनी एक तृतीयांश काढावेत. दुभत्या जनावरासारखेच हे आहे. वासराला पुरेल एवढे राखून दूध काढले, तर गोठा नांदता राहतो.

आता प्रत्यक्ष व्यवस्था सांगतो. पिले नकोच असतील, तर फक्त नर ठेवा. नर लहान, रंगीत आणि शेपटीने डौलदार असतो, शोभाही त्याचीच. मादी मोठी, फिकी आणि पोटाशी काळसर डाग असलेली. पिले तीन-चार आठवड्यांची झाली, की दर आठवड्याला पाहणी करावी. ज्याच्या पोटाखालचा पर काडीसारखा निमुळता होऊ लागला तो नर; त्याला लगेच दुसऱ्या बरणीत हलवावे. उशीर झाला, तर माद्या गाभण होऊन बसतात आणि मग वेगळे करून फारसा उपयोग राहत नाही.

पिले हवी असतील, पण बेताने, तर पाणवनस्पती कमी-जास्त करावी. दाट वनस्पतीत पिलांना लपायला जागा मिळते आणि ती जगतात. वनस्पती विरळ केली, की कमी जगतात. खाद्य चिमूटभर, पाच मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. एका वहीत तारीख, मासे किती, पिले किती, काढले किती, असे चार रकाने आखून मुलांकडून नोंद ठेववावी. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही एका वहीत येतील.

काढलेले मासे कुठे द्यायचे? येथे तिसरे उत्तर कामी येते. न वापरत्या विहिरी, बांधकामाचे हौद, खाणीचे खड्डे अशा बंदिस्त, साचलेल्या पाण्यात गप्पी डासांच्या अळ्या खातो. पण कोणत्या पाण्यात सोडायचे, ते आरोग्य कर्मचाऱ्याला विचारूनच ठरवावे, आणि आपल्याकडचे जादा मासे प्राथमिक आरोग्य केंद्राला हवे आहेत का, तेही विचारावे. पावसाळ्यात ज्या खड्ड्याचे पाणी उतू जाऊन ओढ्याला मिळते, त्यात सोडू नयेत. आणि एवढ्यावर समाधानही मानू नये. डेंग्यूचा डास करवंटीत, फुटक्या टायरात, कुलरच्या तळात वाढतो. तिथे मासा पोचत नाही. घरची पाण्याची भांडी आठवड्यातून एक दिवस कोरडी करण्याला पर्याय नाही.

राहता राहिले पहिले उत्तर : "ओढ्यात सोडून द्या." हे साफ चुकीचे. खुद्द ट्रिनिदादमध्येच काय झाले ते पाहा. १९५७ साली हास्किन्स या शास्त्रज्ञांनी अरिमा नदीतले २०० गप्पी तुरुरे नदीच्या धबधब्यावरच्या भागात सोडले. हेतू अभ्यासाचा होता आणि वर गप्पी नव्हते. पण त्यांचे वंशज धबधबा उतरून खाली आले, खालच्या मूळ गप्पींत मिसळले आणि त्यांच्या जागी पसरत गेले. एकाच जातीच्या माशांत ही कथा. मग परक्या जातीचा मासा आपल्या ओढ्यात गेल्यावर काय होईल? गप्पीचा चुलता गंबूसिया हा १९२८ साली डासांसाठीच इटलीतून आपल्याकडे आणला गेला. इतर माशांची अंडी-पिले खाऊन त्याने देशोदेशी एवढा उपद्रव केला, की जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या जीवांच्या यादीत आज त्याचे नाव आहे. आपल्या ओढ्यांत, भातखाचरांत डासांच्या अळ्या खाणारे स्थानिक लहान मासे आहेतच. डोक्यावर चंदेरी ठिपका असलेला, पाण्याच्या वरच्या थरात फिरणारा मासा मुलांनी पाहिला असेल, तो यांतलाच. पाहुण्याला ओसरीवर बसवून घरच्याला घराबाहेर काढण्याचा प्रकार आपल्या हातून होऊ नये.

वाचकहो, बरणीतला मासा ओढ्यात सोडणाऱ्याच्या मनात दयाच असते. पण एकदा गाभण मादी ओढ्यात गेली, की तिला परत आणता येत नाही. सहाशे दोनाचा तो हिशेब मग फळ्यावर न राहता वाहत्या पाण्यात चालू होतो. म्हणून पुढच्या वेळी शाळेत जोडी आणाल, तेव्हा दुसरी बरणी आणि नोंदवही आधी तयार ठेवा. आणि जादा मासे कोणाला द्यायचे, हे पहिले वेत होण्यापूर्वीच मुलांसमक्ष ठरवून टाका.